खोका कुठं उतरणार? अमेरिकेतल्या छोट्या वायनरीतून वाइन घरी मागवताना

मागच्या ऑक्टोबरात, शनिवारी दुपारी, एक मराठी जोडपं आमच्या टेस्टिंग रूममध्ये आलं. झिन्फंडेल आवडली, पिनो न्वार त्याहून आवडली. बोलता बोलता मी निफाडकडची निघाले आणि तो येवल्याचा, मग काय विचारता! अख्खा खोका घ्यायचं ठरलं, बारा बाटल्या. मी पत्ता विचारला. "सॉल्ट लेक सिटी." माझे हात कीबोर्डवरच थांबले. स्क्रीनवर लाल पट्टी उमटायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. हे शहर यूटा राज्यात, आणि यूटात आम्ही खोका पाठवू शकत नाही. आम्हीच काय, कुठलीच वायनरी तिथं थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू शकत नाही.

"अहो, पण आम्ही दोघं चाळिशीला आलो, पैसे आत्ता देतोय. मग अडचण कुठंय?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. कॅलिफोर्नियात सोनोमा काउंटीतल्या एका छोट्या वायनरीत मी काउंटरही सांभाळते आणि मागच्या खोलीत पॅकिंगचं टेबलही. त्यामुळे 'नाही' म्हणणारी मीच आणि ज्यांचा खोका परत आला त्यांचा फोन घेणारीही मीच. अमेरिकेत नव्याने आलेल्या, नापा-सोनोमाची पहिली चक्कर मारणाऱ्या किंवा पहिल्यांदाच वाइन क्लबचा (म्हणजे वायनरीकडून ठरावीक काळानं बाटल्या घ्यायच्या सभासदत्वाचा) फॉर्म भरणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे.

पायरी पहिली : चव घेण्याआधी पत्त्याचं बोला

द्राक्षं कुठली, बाटली कुठं भरली, पैसे कुठं दिले, यापेक्षा खोका शेवटी कुठल्या राज्यात उतरणार यावर सगळं ठरतं. तुम्ही कॅलिफोर्नियात उभे असलात तरी तुम्हाला लागू होणार तो तुमच्या घरच्या राज्याचा कायदा.

याचं मूळ १९३३ सालात आहे. अमेरिकेत तेरा-चौदा वर्षं देशभर दारूबंदी होती. ती उठवणारी एकविसावी घटनादुरुस्ती ५ डिसेंबर १९३३ रोजी पक्की झाली, पण तिच्या दुसऱ्या कलमात एक पाचर मारलेली होती: एखाद्या राज्यात त्या राज्याचा कायदा मोडून दारू आणणं हा गुन्हा. म्हणजे देशाची बंदी गेली आणि प्रत्येक राज्याला आपापल्या वेशीवर नाका बसवायची मुभा मिळाली. आपल्याला हे नवं नाही. गोव्यात घेतलेली बाटली बांद्याच्या नाक्यावर आली की तिची किंमत नव्हे, कागद विचारतात. इथं फक्त नाका दिसत नाही. तो कुरिअर कंपनीच्या आणि आमच्या संगणकात बसलेला असतो.

तर टेस्टिंग रूममध्ये शिरल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: "आम्ही अमुक राज्यातले, तिकडं पाठवता का?" लाजायचं कारण नाही. आम्हाला उलट बरं वाटतं. पाच वाइन चाखवून, जमीन-माती-पिंप सगळं सांगून झाल्यावर 'नाही' म्हणायची वेळ येत नाही.

राज्याचं नाव सांगितलं तरी काम संपत नाही, पिन कोडही द्या. काही राज्यांत जिल्हा किंवा गाव पातळीवर दारूबंदी आहे. शहरातल्या मित्राकडे खोका जातो आणि चाळीस मैलांवरच्या तुमच्या घरी जात नाही, असंही होतं.

पायरी दुसरी : 'कायद्यानं चालतं' आणि 'आम्ही पाठवतो' यांत फरक आहे

इथंच नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत होते. कोणीतरी इंटरनेटवर बघतो की आपल्या राज्यात घरपोच वाइन कायदेशीर आहे. मग आमच्याकडे येतो, आम्ही नाही म्हणतो आणि त्याला वाटतं, ही बाई आळशी आहे किंवा हिला कायदा माहीत नाही. कायदा मला माहीत आहे. परवाना नाही आमच्याकडे, एवढंच.

जे राज्य दार उघडतं ते फुकट उघडत नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना, वेगळं शुल्क, वेगळं नूतनीकरण. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या वर्षाचे ३०० डॉलर आणि पुढं दरवर्षी १५० असं शुल्क ठरलं. पेनसिल्व्हेनियात परवान्याचे २५० डॉलर, शिवाय विक्रीकर आणि वर गॅलनमागे अडीच डॉलर अबकारी. बारा बाटल्यांच्या खोक्यात नऊ लिटर, म्हणजे सुमारे २.४ गॅलन वाइन असते. तेव्हा खोक्यामागे सहा डॉलर तिथंच गेले. ही रक्कम मोठी नाही. मोठा आहे तो कागद. कुठं दर महिन्याला विवरणपत्र, कुठं तिमाहीला, कुठं वर्षाला. महिन्यात एकही बाटली गेली नाही, तरी कित्येक राज्यांना 'शून्य' लिहिलेलं विवरणपत्र वेळेवर लागतं. ते चुकलं की दंड, नाहीतर परवान्यावर गदा.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे तो विभाग म्हणजे मालकांच्या बायको, रविवारी रात्री, स्वयंपाकघराच्या टेबलावर. यासाठी सॉफ्टवेअर मिळतं, ते आम्ही घेतलंय, आणि त्याचंही भाडं आहे. आता समजा, एखाद्या राज्यात आमचे क्लबचे तीनच सभासद आहेत आणि प्रत्येकजण वर्षातून दोनदा सहा-सहा बाटल्या घेतो. छत्तीस बाटल्या झाल्या. त्यासाठी परवाना, बारा विवरणपत्रं, कर भरणा. परवडत नाही. म्हणून त्या राज्यापुढं आम्ही 'नाही' लिहून ठेवलंय, कायदा 'हो' म्हणत असला तरी.

यातून तुम्हाला एक वाट निघते, आणि ती फार थोडे लोक वापरतात. आमच्याकडे एक वही आहे. नकार दिलेल्या गिऱ्हाइकाचं राज्य आम्ही तिच्यात टिपतो. एका राज्याच्या सात-आठ नोंदी झाल्या की मालक परवान्याचा विचार करतात. तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळ असेल, चार-सहा घरं वाइन घेणारी असतील, तर एकत्र बोला आणि वायनरीला तसं लिहा. एकट्याच्या विनंतीला दाद मिळत नाही, सहा घरांच्या ऑर्डरीला मिळते. परवाना हातात यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

पायरी तिसरी : दुकानात का नाही मिळत, ते एकदा समजून घ्या

"मग तुम्ही आमच्या गावातल्या दुकानात का ठेवत नाही?" हा पुढचा प्रश्न. दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी तीन मजली रचना उभी केली. बनवणारा वेगळा, होलसेलर वेगळा, दुकानदार वेगळा. बनवणाऱ्यानं होलसेलरला विकायचं, होलसेलरनं दुकानाला, दुकानानं तुम्हाला. बंदीच्या आधी दारू बनवणाऱ्या कंपन्याच गुत्ते चालवायच्या, ते पुन्हा होऊ नये हा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण मधल्या मजल्यावर जो बसला तो आज सगळ्यांत बलवान आहे.

धंद्यातलं ढोबळ गणित असं. दुकानात ४० डॉलरला विकली जाणारी बाटली आम्हाला होलसेलरला वीसच्या आसपास द्यावी लागते. उरलेले वीस होलसेलर आणि दुकानदार वाटून घेतात. तीच बाटली आम्ही थेट तुम्हाला विकली तर चाळीसच्या चाळीस आमच्याकडे येतात आणि त्यातून खोका, परवाने, कागद यांचा खर्च जातो. वर्षाला दोन-तीन हजार खोके काढणाऱ्या वायनरीच्या बाबतीत, बँकेचा हप्ता भरला जाणं न जाणं या फरकावर ठरतं.

आणि होलसेलर आम्हाला घेईल तर ना! त्याच्या गोदामात आधीच हजारो लेबलं आहेत. वर्षाला साठ खोके देणाऱ्याला तो कशाला विचारील? माझ्या वडिलांची पिंपळगावच्या बाजारात हीच गत व्हायची. दोन एकरांच्या बागेचा माल घेऊन गेलं की व्यापारी आधी दहा एकरवाल्याकडे वळणार. तिथं निदान लिलाव उघड्यावर व्हायचा.

थेट घरी पाठवायचं दार थोडं किलकिलं झालं ते एका बाईंच्या चिकाटीनं, म्हणून त्यांची हकीकत इथं सांगतेच. व्हर्जिनियात मिडलबर्ग नावाचं गाव आहे. तिथं हुआनिटा स्वेडनबर्ग यांची घरची वायनरी होती. बाहेरच्या राज्यांतले पर्यटक यायचे, वाइन आवडली की म्हणायचे घरी पाठवा, आणि न्यू यॉर्कवाल्याला त्यांना नाही म्हणावं लागायचं. कारण न्यू यॉर्क राज्य आपल्या वायनऱ्यांना घरपोच पाठवू द्यायचं आणि परक्यांना जवळजवळ अशक्य अटी घालायचं. म्हणून त्या कोर्टात गेल्या. मिशिगनचंही तसंच होतं, आणि त्यावरही खटला चालू होता. दोन्ही खटले एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १६ मे २००५ रोजी पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड हे त्याचं नाव. ग्रॅनहोम म्हणजे तेव्हाच्या मिशिगनच्या गव्हर्नर. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा एवढाच: घरच्या वायनरीला एक न्याय आणि परक्या वायनरीला दुसरा, हे चालणार नाही. दार उघडायचं तर सगळ्यांना, लावायचं तर सगळ्यांना.

शेवटच्या तीन शब्दांकडे लक्ष द्या. 'सगळ्यांना लावायचं' ही मोकळीक राज्यांना आजही आहे. यूटानं तीच वापरली. न्यू यॉर्कनं मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दार उघडलं.

मॅसॅच्युसेट्सनं एक नामी शक्कल लढवली. वर्षाला ३०,००० गॅलनहून कमी वाइन काढणाऱ्यांना घरपोच पाठवायची मुभा, त्याहून मोठ्यांवर बंधनं. ऐकायला कायदा छोट्यांच्या बाजूचा. गोम अशी की राज्यातल्या झाडून सगळ्या वायनऱ्या ३०,००० च्या आतल्या होत्या. २०१० मध्ये अपील न्यायालयानं तो कायदा उडवला, तरी प्रत्यक्षात खोके जायला २०१५ चा जानेवारी उजाडला. मध्ये बोस्टनच्या फुटबॉल संघाचा माजी क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो यांनी आवाज उठवला होता. ते निवृत्तीनंतर वॉशिंग्टन राज्यात वाइन करतात, आणि ज्या राज्यात ते इतकी वर्षं खेळले तिथल्याच चाहत्यांना त्यांना बाटली पाठवता येत नव्हती.

पायरी चौथी : तुमचा कोटा किती, ते बघा

दार उघडं असलं तरी मोजून आत सोडतात. इलिनॉय, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यांत एका वायनरीकडून वर्षाला बारा खोक्यांची मर्यादा आली. पेनसिल्व्हेनियानं २०१६ मध्ये छत्तीस खोक्यांची ठेवली. व्हर्जिनियात महिन्याला दोन. टेक्सासात तर खोके नाही, गॅलन मोजतात. घरात दोन बाटल्या लागणाऱ्याला याची झळ बसत नाही. पण मुलीच्या लग्नासाठी वीस खोके एकाच वायनरीतून मागवायचे म्हणाल तर अडकाल. तेव्हा अशी मोठी ऑर्डर थेट हॉलच्या केटररमार्फत आणि त्याच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून करून घ्या.

न्यू जर्सीत आपली माणसं फार, म्हणून त्याबद्दल एक जास्तीचं. तिथं २०१२ मध्ये दार उघडताना अट घातली होती की वर्षाला अडीच लाख गॅलनहून जास्त वाइन काढणाऱ्या वायनरीनं घरपोच पाठवायचं नाही. अडीच लाख गॅलन म्हणजे एक लाखाहून थोडे जास्त खोके. त्यामुळे एडिसनच्या गिऱ्हाइकाला मी सहज पाठवते आणि शेजारच्या दरीतला नावाजलेला मोठा ब्रँड 'नाही' म्हणतो, असा उलटा प्रकार आम्ही बघितलाय. मोठं नाव म्हणजे सगळीकडे पोचणारं नाव, असं समजू नका.

हे नियम बदलत राहतात. मेरीलँड २०११ पर्यंत बंद होतं, अलाबामा २०२१ पर्यंत. म्हणून दोन वर्षांपूर्वी वहिनींना नकार मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेल असं नाही. दरवेळी विचारा.

पायरी पाचवी : ऑर्डर लिहिताना

फॉर्मवर नाव तेच लिहा जे ओळखपत्रावर आहे. वायनरी जन्मतारीख विचारते, ती खरी द्या. वय २१ पूर्ण लागतं आणि पुष्कळदा ते सॉफ्टवेअर सरकारी नोंदींशी ताडून बघतं. अमेरिकेत येऊन दोनच महिने झाले असतील तर नोंदींत तुमचं नाव सापडत नाही आणि ऑर्डर अडकते. घाबरू नका. वायनरीला फोन करा, पासपोर्टचा फोटो मागतील, काम होऊन जाईल.

पोस्टाच्या पेटीचा पत्ता चालत नाही. अमेरिकेच्या सरकारी पोस्टाला दारू न्यायची केंद्रीय कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळे पोस्टातून येणारं सगळंच बाद. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा पत्ताही टाळा, मग तुम्ही पीएचडी करणारे तीस वर्षांचे का असेना. अपार्टमेंटच्या लॉकरमध्ये किंवा दाराशी खोका ठेवता येत नाही. मग उरतं घर, ऑफिस (आधी ऑफिसला विचारून) किंवा कुरिअर कंपनीचं उचलायचं केंद्र. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरासाठी मी नेहमी शेवटचा पर्याय सुचवते. काही औषधांची दुकानं आणि पार्सलची दुकानं अशी केंद्रं म्हणून काम करतात, पण त्यांतली सगळी दारूचे खोके घेत नाहीत. ते आधी तपासा.

बिलात तुमच्या राज्याचा विक्रीकर लागलेला दिसेल. "आम्ही तर कॅलिफोर्नियात घेतली, मग इलिनॉयचा कर का?" पुन्हा तेच: खोका जिथं उतरणार, तिथला कर.

पायरी सहावी : सही

प्रत्येक खोक्यावर एक मोठी चिठ्ठी चिकटवलेली असते: आत दारू आहे, २१ वर्षांवरील माणसाची सही हवी. सही म्हणजे खरी सही, ओळखपत्र बघून. दारावर 'मी कामावर आहे, खोका ठेवून जा' अशी चिठ्ठी लावून काही होत नाही. ड्रायव्हर साधारण तीनदा येतो. तिसऱ्यांदाही कोणी नसेल तर खोका आमच्याकडे परत. जायचं भाडं गेलं, यायचं भाडं गेलं, पुन्हा पाठवायचं तिसरं भाडं, आणि दरम्यान वाइन दोन आठवडे ट्रकमध्ये हिंदकळलेली.

सही तुमचीच हवी असं नाही, घरातल्या २१ पूर्ण झालेल्या कोणाही माणसाची चालते. इथं आपल्या लोकांना एक फायदा आहे: भेटीला आलेले आई-बाबा. ते दिवसभर घरी असतात, आणि भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून पुढं करता येतो. आमच्या ऑस्टिनच्या एका गिऱ्हाइकाकडं त्यांच्या सासूबाई आल्या होत्या, वय पंच्याहत्तरीच्या घरात, आयुष्यात द्राक्षासवापलीकडं काही न घेतलेल्या. बेल वाजली. ड्रायव्हरनं ओळखपत्र मागितलं. आजींनी पासपोर्ट दिला. त्यानं जन्मसाल वाचलं, आजींकडं बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "यू आर गुड, मॅम." आजींनी मराठीत सही केली. ट्रॅकिंगवर ती सही उमटलेली मी बघितली. 'कमल' पुढची वेलांटी थेट बारकोडपर्यंत गेली होती. पण आजींना आधी सांगून ठेवा. न सांगितलेल्या एका घरी काकांनी "हमने शराब नहीं मंगाया" म्हणून खोका दारातूनच परत पाठवला होता.

पायरी सातवी : ऊन

कायद्यात हे कुठंच नाही, पण कायद्यामुळेच हे होतं. सही नाही म्हणून खोका परत गाडीत, गाडी दिवसभर उन्हात. जुलैत फिनिक्सला किंवा डॅलसला बंद ट्रकच्या आत काय तापमान होतं, ते तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडे परत आलेला असा एक खोका मी उघडला तेव्हा बारांतल्या सात बाटल्यांची बुचं तोंडाच्या वर पाव इंच आली होती आणि कागदी साच्यावर जांभळे ओघळ वाळले होते. चव घेतली. शिजवलेल्या आलुबुखाराची.

तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत 'होल्ड' मागा. बहुतेक वायनऱ्या पैसे आत्ता घेतात, बाटल्या थंड खोलीत ठेवतात आणि ऑक्टोबरात पाठवतात. तेवढं थांबायचं नसेल तर सोमवारी निघणारा खोका मागा, म्हणजे शनिवार-रविवार तो गोदामात पडून राहत नाही. बर्फाच्या पिशव्या घालता येतात. दोन दिवसांच्या प्रवासाला ठीक, पाच दिवसांच्या प्रवासात त्यांचा उपयोग मला तरी दिसलेला नाही.

बारा बाटल्यांचा खोका सहा बाटल्यांच्या दुप्पट भाड्याला जात नाही, बराच स्वस्त पडतो. शेजाऱ्याबरोबर मिळून मागवा.

काही फाटे

स्वतः पाठवायचं म्हणाल, तर नाही. मित्राच्या वास्तुशांतीला बाटली पाठवावी म्हणून लोक खोका बांधून यूपीएस किंवा फेडेक्सच्या काउंटरवर जातात. या कंपन्या दारू घेतात ती फक्त परवानाधारक, करार केलेल्या धंद्यांकडून. 'ऑलिव्ह ऑइल' लिहून पाठवणारे महाभाग मी बघितलेत. फुटली किंवा पकडली गेली तर बाटली जाते आणि तक्रार करायला तोंड राहत नाही. भेट पाठवायची तर वायनरीलाच सांगा, आणि पत्ता मित्राचा असेल तर नियम मित्राच्या राज्याचे, सही मित्राची.

घर बदललंत तर क्लबला त्याच दिवशी कळवा. सिअ‍ॅटलहून सॉल्ट लेक सिटीला गेलेल्यांचा क्लब आपोआप बंद पडतो. यूटावाल्यांसाठी २०२१ पासून एक आडवळणाची वाट आहे: क्लबची वाइन राज्याच्या सरकारी दुकानात मागवायची, राज्याचा अधिभार भरायचा आणि तिथून उचलायची. येवल्याच्या त्या जोडप्याला मी हेच सांगितलं. त्यांनी अधिभाराचा आकडा ऐकला, एकमेकांकडं बघितलं आणि संध्याकाळी फ्रीमाँटला भावाकडे प्यायला दोन बाटल्या घेऊन गेले.

दुकान आणि वायनरी यांत घोळ करू नका. वर सांगितलेली दारं वायनऱ्यांसाठी उघडली. दुसऱ्या राज्यातल्या दुकानाला तुमच्या घरी पाठवू देणारी राज्यं मोजकीच आहेत. इंडियानातल्या एका दुकानसाखळीनं याविरुद्ध मिशिगनला कोर्टात खेचलं, २०२० मध्ये अपिलात हरली आणि पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. यामुळे परदेशी वाइनची पंचाईत होते, आणि इथं नाशिक आलं. थेट पाठवायचे हे परवाने अमेरिकेतल्या वायनऱ्यांसाठी आहेत. दिंडोरीच्या वायनरीला शिकागोच्या घरी खोका पाठवता येत नाही. तिची वाइन आयातदार, मग होलसेलर, मग दुकान अशी तिन्ही मजले चढून येते. त्यामुळे नाशिकची बाटली हवी असेल तर गावातल्या दुकानदारालाच भुणभुण लावा. तो होलसेलरला विचारू शकतो, तुम्ही नाही. घरीही फार वेगळं नाही म्हणा: आपल्या घटनेत दारू राज्यसूचीत आहे, तेव्हा दिंडोरीहून बंगळुरूला जायचं तरी कर्नाटकाची लेबल नोंदणी आणि कर्नाटकाची अबकारी.

विमानातून नेणं पुष्कळदा सर्वांत सोपं. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बंद बाटल्यांना, चेक-इन सामानात, विमान सुरक्षेच्या नियमांत संख्येची मर्यादा नाही, आणि वाइन साधारण १३ ते १५ टक्क्यांची असते. बारा बाटल्यांचा खोका चाळीस पौंडांच्या आसपास भरतो, म्हणजे पन्नास पौंडांच्या मर्यादेत बसतो. अलास्का एअरलाइन्स पश्चिम किनाऱ्यावरच्या ठरावीक विमानतळांवरून आपल्या सभासदांचा एक खोका फुकट नेते. अटी वाचून घ्या. मात्र प्रवाशानं राज्यात किती आणावी याचेही काही राज्यांत नियम आहेत, ते घरच्या राज्याच्या अबकारी खात्याच्या संकेतस्थळावर बघा. आणि भारतात नेणार असाल तर दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी नेलीत तर मोठं शुल्क भरायची तयारी ठेवा.

खोका घरी आला की लगेच उघडून बघा. बुचं वर आलीत का, ओघळ आहे का? असेल तर फोटो काढा आणि त्याच दिवशी वायनरीला पाठवा, आम्ही बदलून देतो. ठीक असेल तर बाटल्या आडव्या करून आठवडाभर तशाच राहू द्या. प्रवासानं दमलेली वाइन पहिल्या दिवशी मुकी लागते. आतले कागदी साचे मात्र फेकू नका. पुढच्या वेळी विमानानं न्यायला तेच लागतात, आणि आम्ही ते सुटे विकत नाही.